एकाच खुडूक कोंबडीखाली कोंबडीची अंडी २१ दिवसांत, बदकाची २८ दिवसांत. हे सात दिवस ठरवतं कोण?

रानवाट_खानापूर

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या अलीकडच्या एका गावातली. घरच्या गावठी कोंबड्या आहेत आणि भाताच्या खाचरात सोडायला थोडी बदकं. बदकीण अंड्यांवर टिकून बसत नाही, म्हणून तिची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची आमच्या घरातली जुनी पद्धत. सासूबाईंचा नियम पक्का आहे. आधी बदकाची अंडी ठेवायची, मग आठवडा गेला की कोंबडीची. म्हणजे सगळी पिल्लं एकदम बाहेर येतात. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवली तर कोंबडीची पिल्लं निघाल्यावर कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि बदकाची अंडी गार पडून वाया जातात.

नियम चालतो, त्यात शंका नाही. मला त्याच्या मागचं कारण हवंय. कोंबडी एक, टोपली एक, भुसा एक, ऊब एक. मग बदकाला आठवडा जास्त का? अंडं मोठं असतं म्हणून, असं शेजारच्या काकू म्हणतात. पण गिरिराज जातीच्या कोंबडीचं अंडं आमच्या गावठीपेक्षा चांगलं मोठं असतं, तेही एकविसाव्या दिवशीच फुटतं की. माझ्या भावाकडे लावे पक्षी आहेत, त्यांची अंडी सतरा-अठरा दिवसांत.

जनावरांचंही तसंच. शेळी पाच महिने, गाय नऊ महिने नऊ दिवस, म्हैस दहा महिने दहा दिवस. गाय-म्हैस अंगाने जवळपास सारख्या, मग म्हशीला महिना जास्त कशाला लागतो? हे दिवस मोजतं कोण? आई, पोटातलं पिल्लू, की ऊब? शाळेच्या पुस्तकात "प्रत्येक प्राण्याचा गर्भकाळ ठरलेला असतो" एवढंच वाचलं होतं. तो ठरतो कशाने, हे कुणी नीट सांगेल का?

पशुवैद्य_चिकोडी

अक्का, गाई-म्हशींपुरतं मी सांगतो. अंड्यांचं दुसरं कुणी सांगेल.

गर्भ किती दिवस राहणार यात पोटातल्या वासराचा वाटा मोठा आहे. हे आमच्या रोजच्या कामात दिसतं. होल्स्टीन गाईंचे दिवस २८० च्या आसपास भरतात, आपल्या वशिंडाच्या देशी गाई त्याहून थोडे जास्त दिवस घेतात. पण एकाच गाईला कुठल्या जातीच्या वळूचं वीर्य भरलंय त्यावरही तारीख मागेपुढे होते. गाय तीच, पोट तेच, बापाची जात बदलली की दिवस बदलले. खोंड असला तर कालवडीपेक्षा एखादा दिवस जास्त, हेही जुन्या गवळ्यांना माहीत असतं आणि नोंदींतही तसंच दिसतं.

व्यायची वेळ झाली हा इशारासुद्धा वासराकडून येतो. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर हे दाखवून दिलं. पोटातल्या कोकराची मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी निकामी केली तर दिवस उलटून गेले तरी मेंढी व्यायची नाही. उलट कोकराला कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं टोचली तर ती वेळेआधीच व्यायची. आज अवघडलेल्या गाईला वेळेआधी मोकळी करायला आम्ही जी इंजेक्शनं देतो, त्यांतली काही याच समजुतीवर उभी आहेत.

पण हे झालं दार कधी उघडायचं त्याबद्दल. वासरू तिथपर्यंत म्हशीच्या पारड्यापेक्षा लवकर का पोचतं, हा तुमचा खरा प्रश्न, आणि तो यातून सुटत नाही.

मका_अथणी

आमच्याकडे तर ऊबच सगळं ठरवते बघा. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, २०१८ साली आपल्या कर्नाटकातच, शिवमोग्ग्याकडे, देशात पहिल्यांदा सापडली ती. उन्हाळ्यात अंड्यापासून पतंगापर्यंत तिचा फेरा महिनाभरात पुरा होतो. थंडीत तोच फेरा दोन-तीन महिन्यांवर जातो. म्हणून कृषी खात्याचे लोक दिवस मोजत नाहीत, उष्णतेची बेरीज करतात. एका ठरावीक तापमानाच्या वर रोज किती अंश मिळाले ते जोडत जायचं, बेरीज भरली की अळीची पुढची अवस्था आली समजायचं. फवारणीचा दिवस त्यावर धरला तर औषध वाया जात नाही. नुसत्या कॅलेंडरवर जाऊ नका, एवढंच शेतकऱ्यांना सांगणं.

अंड्यांना हाच हिशेब का लागू नाही, ते मलाही वाचायचंय.

निवृत्त_प्राणीशास्त्र_बेळगाव

ताई, बेळगावातल्या एका कॉलेजात मी प्राणीशास्त्र शिकवत असे. कोंबडीच्या गर्भाच्या स्लाइड दाखवणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम. २४ तास, ३३ तास, ४८ तास, ७२ तास, ज्यांनी बीएस्सी केलंय त्यांना हे आकडे आठवत असतील. परीक्षेत स्लाइड ओळखायची खात्रीची खूण म्हणजे पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना असलेल्या चौकोनी ठोकळ्यांच्या जोड्या मोजणं. त्यांना सोमाइट म्हणतात. पुढे त्यांच्यातूनच मणके, बरगड्या आणि पाठीचे स्नायू होतात. डोक्याकडून शेपटीकडे एकेक जोडी तयार होत जाते आणि प्रत्येक प्राण्यात दोन जोड्यांमधला वेळ ठरलेला असतो. झेब्राफिश या छोट्या माशात अर्धा तास, कोंबडीत दीड तास, उंदरात दोन तासांच्या आसपास, माणसात पाच तासांच्या आसपास. पायऱ्यांचा क्रम सगळ्यांत तोच आणि कामाला लागणारे जीन्सही बहुतेक तेच.

अथणीच्या दादांचं अळीबद्दलचं म्हणणं अगदी बरोबर आहे. कीटक, मासे, बेडूक यांचं अंग भोवतालच्या हवापाण्याइतकंच गरम असतं, म्हणून त्यांच्या वाढीचा वेग ऊन-थंडीबरोबर बदलतो. फळमाशी २५ अंशांना दहा दिवसांत तयार होते, १८ अंशांना जवळपास दुप्पट दिवस घेते. अंड्यांच्या यंत्रातही तापमान थोडं खाली गेलं तर पिल्लं उशिरा निघतात. पण ताईंनी जो प्रयोग मांडलाय त्यात ऊब दोघांना सारखीच आहे. कोंबडी आणि बदक दोघांच्या अंड्यांना साडेसदतीस अंशांच्या आसपासच तापमान लागतं. म्हणजे ऊब बाजूला काढली तरी सात दिवस उरतातच. प्रयोगशाळेत मुद्दाम करावी अशी तुलना तुमच्या घरात टोपलीत होत आली आहे.

अंगाच्या आकाराचं म्हणाल तर हत्तिणीचे जवळजवळ २२ महिने आणि उंदराचे तीन आठवडे एवढंच पाहिलं की आकारच सगळं ठरवतो असं वाटतं. पण पेरूच्या झाडांवर रात्री येणारं आखूड नाकाचं फळखाऊ वटवाघूळ घ्या. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास, आणि पिल्लू पोटात सुमारे चार महिने. त्याच्याहून कितीतरी जड असलेला घरातला मोठा उंदीर तीन आठवड्यांत मोकळा होतो. (वटवाघळाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तुमच्याच तालुक्यातल्या भीमगड जंगलात बारापेडे गुहा आहे. रॉटनचं वटवाघूळ जगाला पहिल्यांदा तिथून कळलं, १९१३ साली. खानापूरच्या प्रत्येक शाळेतल्या मुलांना हे ठाऊक असायला हवं.)

आता बदकाकडे येतो. एक गोष्ट आधी लक्षात घ्या. ते सात दिवस शेवटी जोडलेले नसतात. बदकाची प्रत्येक पायरी पहिल्या दिवसापासूनच थोडी थोडी लांबते. हे तुम्हाला घरीच पाहता येईल. दोन्ही अंडी एकाच दिवशी ठेवा आणि चौथ्या-पाचव्या रात्री अंधारात टॉर्चवर धरा. कोंबडीच्या अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं चांगलं पसरलेलं दिसेल, बदकाच्या अंड्यात ते त्या मानाने मागे असेल.

आणि हा वेग कुठे दडलेला असतो, याबद्दलचा मला सगळ्यांत आवडणारा प्रयोग बदकावरचाच आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रिचर्ड श्नायडर आणि जिल हेल्म्स यांनी तो २००३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी लाव्याचा आणि बदकाचा गर्भ घेतला. लावा १७ दिवसांचा, बदक २८ दिवसांचं, तुमच्या भावाच्या आणि तुमच्या घरातलेच दोन पक्षी. ज्या पेशींतून पुढे चोच आणि चेहऱ्याची हाडं बनतात त्या पेशी एका गर्भातून काढून दुसऱ्यात लावल्या. लावताना दोन्ही गर्भ वाढीच्या एकाच पायरीवर असायला हवेत, नाहीतर जोड बसत नाही. बदकाच्या अंड्यात लाव्याच्या पेशी लावल्या तर बदकाला लाव्यासारखी आखूड चोच आली. उलट केलं तर लाव्याला बदकासारखी लांब, चपटी चोच.

चोचीच्या आकाराची बातमी जगभर झाली. मला त्याहून मोठी वाटते ती वेळेची गोष्ट. बदकाच्या अंड्यात बसलेल्या लाव्याच्या पेशी लाव्याच्याच वेगाने वाढत राहिल्या. दोनेक दिवसांत त्या आजूबाजूच्या बदकाच्या पेशींच्या पुढे गेल्या आणि त्यांनी बनवलेलं जबड्याचं हाड बदकाच्या वेळापत्रकापेक्षा आधी तयार झालं. भोवती सगळं बदकाचं होतं. रक्त बदकाचं, बलक बदकाचा, कवच बदकाचं. तरी त्या पेशींनी आपली चाल सोडली नाही. ताई, तुमच्या प्रश्नातल्या "आई, पिल्लू की ऊब" याचं उत्तर इथून सुरू होतं. वेग पिल्लाच्या पेशीपेशीत असतो.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. वेग वेगळा आणि टप्पा उघडणारा इशारा वेगळा. पशुवैद्य डॉक्टरांनी मेंढीचं सांगितलं ते इशाऱ्याचं उदाहरण. पावसाळ्यात चोर्ल्याच्या रस्त्याकडेला डबक्यांत बेडकाची पिल्लं दिसतात, त्यांचंही तसंच. १९१२ साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांना जनावरांची थायरॉइड ग्रंथी खायला घातली, तर ती वेळेच्या फार आधी, लहान असतानाच बेडूक झाली. डबकं आटायला लागलं की कित्येक जातींची पिल्लं स्वतःहूनही घाई करतात, संप्रेरकं वाढतात आणि ती छोट्या अंगानेच पाण्याबाहेर येतात. तिथे संप्रेरकाच्या इशाऱ्याने पुढचा टप्पा लवकर उघडतो. बदकाच्या सात दिवसांत मात्र आधीपासून प्रत्येक पाऊलच सावकाश पडत असतं.

रानवाट_खानापूर

सर, दोनदा वाचलं. लाव्याच्या पेशी बदकाच्या अंड्यात राहूनही आपलीच चाल धरून राहतात, हे वाचून मी बराच वेळ तसाच फोन धरून बसले. सासूबाईंनाही वाचून दाखवलं.

आता पुढचं विचारते. पेशीत वेग असतो म्हणजे पेशीत कुठे? एखादा घड्याळाचा जीन असतो का? असला तर कोंबडीचा जीन बदकात घालून बदक २१ दिवसांत निघेल का? आणि नुसती ऊब वाढवून दिवस कमी करता येतील का?

निवृत्त_प्राणीशास्त्र_बेळगाव

ऊब वाढवून नाही जमणार, ताई. साडेसदतीसच्या वर अंश-दीड अंश सतत राहिलं तरी गर्भ मरायला लागतात, निघालेली पिल्लं अधू निघतात. उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या वाढीला त्या बाबतीत फार कमी मोकळीक असते.

जीनचा प्रश्न तुम्ही विचारलात तसाच जपानी शास्त्रज्ञ मिकी एबिसुया यांच्या गटाने विचारला आणि २०२० साली उत्तर छापलं. त्यांनी उंदीर आणि माणूस घेतले. सोमाइटच्या वेळेमागे एक जीन आहे, हेस-सेव्हन. तो प्रथिन बनवतो, ते प्रथिन साठलं की तोच जीन बंद पडतो. प्रथिन झिजून संपलं की जीन पुन्हा चालू होतो. प्रत्येक फेऱ्याला एक जोडी. त्यांनी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या उंदराच्या पेशींत माणसाचा हा जीन बसवला. जीनमध्येच वेळ असती तर उंदराच्या पेशी पाच तासांचा फेरा धरायला हव्या होत्या. तसं काही झालं नाही. माणसाचा जीन उंदराच्या पेशीत गेला आणि जवळपास उंदराच्याच चालीने चालू लागला.

म्हणजे एक जीन बदलून बदक २१ दिवसांत आणता यायचं नाही. फरक त्या जीनच्या भोवतालच्या सगळ्या रसायनात आहे. माणसाच्या पेशीत तेच प्रथिन सावकाश बनतं आणि सावकाशच झिजतं. त्याच वर्षी लंडनमध्ये जेम्स ब्रिस्को यांच्या गटाने पाठीच्या कण्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींवर हेच तपासलं. उंदराच्या पेशी तीन-चार दिवसांत तयार होतात, माणसाच्या दोन आठवडे घेतात. दोघांना तापमान तेच, द्रव तेच. तिथेही कारण निघालं ते प्रथिनांच्या टिकण्याचं. माणसाच्या पेशीत प्रथिनं सुमारे दुप्पट वेळ टिकून राहतात.

मग रसायन सावकाश का? हार्वर्डमध्ये ऑलिव्हिए पूरकिए यांच्या गटाने २०२३ साली पेशी ऊर्जा किती वेगाने खर्च करते ते मोजलं. वजनाच्या मानाने उंदराची पेशी माणसाच्या पेशीच्या जवळपास दुप्पट वेगाने इंधन वापरते. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचं काम औषधाने मंदावलं की सोमाइटचा फेरा लांबला. उलट माणसाच्या पेशीत त्या ऊर्जेच्या साखळीतला एक अडथळा कमी केला की फेरा थोडा आखडला, कारण नवी प्रथिनं बनण्याचा वेग वाढला. त्याच वर्षी बेल्जियमच्या ल्यूवेनमध्ये मेंदूच्या चेतापेशींवर तसंच दिसलं. मायटोकॉन्ड्रियांना जोर दिला तर माणसाच्या चेतापेशी नेहमीपेक्षा लवकर पक्व होऊ लागल्या. एवढ्यावर सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक जातीच्या पेशीची ऊर्जेची ही पातळी मुळात कशाने ठरली, यावर आजही जोरात काम चालू आहे.

गाईचं तुम्ही विचारलं होतं. एबिसुया यांच्याच गटाने नंतर उंदीर, ससा, गाय, गेंडा, माणूस आणि मार्मोसेट नावाचं चिमुकलं माकड अशा सहा प्राण्यांच्या पेशी एकाच पद्धतीने बशीत वाढवून त्यांचे फेरे मोजले. टनावारी वजनाच्या गेंड्याचा फेरा माणसापेक्षा जलद निघाला. अर्धा किलोसुद्धा नसलेल्या मार्मोसेटचा फेरा माणसापेक्षाही संथ निघाला. वजनाशी मेळ बसला नाही. गर्भाचे अवयव आखले जाण्याचा पहिला काळ ज्या प्राण्यात जितका लांब, तितका त्याचा फेरा लांब. म्हणून गाय आणि म्हैस अंगाने सारख्या दिसल्या तरी दिवसांचा फरक अंगावरून ओळखता येणार नाही. तो पोटातल्या पिल्लाच्या पेशींत शोधावा लागेल.

आमच्या वेळच्या पाठ्यपुस्तकात "ठरलेला असतो" एवढ्यावरच वाक्य संपत असे. मुलं वर्गात विचारायची, ठरवतं कोण म्हणून, आणि तेव्हा जगात कुणाकडेच सांगण्यासारखं फारसं नव्हतं. आज आहे. तुमच्या गावातल्या नववी-दहावीच्या मुलांना टॉर्च आणि दोन अंडी घेऊन बसवा आणि चोचीचा प्रयोग सांगा. मला बोलावलंत तर मी जांबोटीला आनंदाने येईन.

रानवाट_खानापूर

या सर, नक्की या. रोज एकाच वेळी दोन्ही अंडी टॉर्चवर धरून शिरा कुठवर पसरल्या ते मुलांना वहीत काढायला लावते. भावाकडून लाव्याचीही अंडी आणून तिन्ही एकाच कोंबडीखाली ठेवीन म्हणते. १७, २१, २८ असा हिशेब लावून आधी बदकाची, आठवड्याने कोंबडीची, त्यानंतर चार दिवसांनी लाव्याची.

पशुवैद्य_चिकोडी

अक्का, हिशेब बरोबर आहे, पण लाव्याची अंडी मोठ्या कोंबडीखाली ठेवू नका. कवच फार पातळ असतं, तिच्या वजनाने आणि पायाने फुटतील. भावाकडे यंत्र असेल तर लाव्याची तिथेच राहू द्या आणि मुलांना तिथे नेऊन दाखवा. बदकाच्या अंड्यांना शेवटच्या आठवड्यात ओल जास्त लागते. कोंबडी चारा खायला उठेल तेव्हा त्यांच्यावर कोमट पाण्याचा हात फिरवा, नाहीतर पिल्लू आतल्या पापुद्र्यात चिकटून बसतं. आणि टॉर्चवर पाहायला अंडं बाहेर काढाल ते दोन-तीन मिनिटांच्या वर बाहेर ठेवू नका.